गंजाखालील अक्षरे

खंडेनवमीचा दिवस उजाडला म्हणजे महाराष्ट्रातील जुन्या घरांतून एक ठरलेले दृश्य दिसू लागते. माळ्यावरची, देवघरामागची, भिंतीवरच्या खुंटीची शस्त्रे खाली उतरवली जातात. त्यांस पुसून तेल लावतात आणि पाटावर मांडून हळदकुंकू व झेंडूची फुले वाहतात. ज्या घरी शस्त्र नाही तेथे विळी, कोयता, शिवणयंत्र, किंबहुना दारातली मोटारदेखील या मानाची धनी होते. त्याच सुमारास तिकडे दूर चेन्नईतही आयुधपूजेची धांदल चालू असते. कारखान्यांतील यंत्रांना, रिक्षांना आणि छापखान्यांना चंदनकुंकवाचे टिळे लागलेले असतात. वर्षातून एकदा तरी आपले लोखंड खाली काढावे, त्याकडे निरखून पाहावे आणि त्यास तेलाचे बोट लावावे, हा या पूजेतला शहाणपणा दोन्ही प्रांतांत सारखाच आहे.

परंतु या शहाणपणाचा अतिरेक झाला म्हणजे काय होते, ते मी लहानपणी स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे. माझ्या आजोळी एक ठासणीची बंदूक होती. तिचा घोडा कधीच मोडून पडला होता, आणि तिची नोंद रीतसर सरकारदरबारी झालेली होती. नळीवर तपकिरी गंजाचा जाड थर चढला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही मामेभावंडे तिच्यावर तुटून पडलो. प्रथम विटकरीची भुकटी, नंतर चिंचेचे पाणी आणि शेवटी पॉलिशकागद. दुपारपर्यंत नळी ताटासारखी लखलखू लागली. आजोबा शेतावरून आले. ते आपले कौतुक करतील म्हणून आम्ही उभे होतो. त्यांनी बंदूक उजेडाकडे धरली, कान्याजवळ अंगठा फिरवला आणि एवढेच विचारले, “अरे, इथे अक्षरे होती ना? ती कुठे गेली?”

ती अक्षरे कोणती होती, देवनागरी की मोडी, कारागिराचे नाव की शस्त्रागाराचा अंक, हे आता कोणासही कधी कळणार नाही. आजोबांच्या आजोबांनी ती बंदूक कोठून आणली याचा एकमेव लेखी पुरावा आम्ही पॉलिशकागदाने पुसून टाकला होता. पुढे संपादन व भाषांतराच्या कामानिमित्त चेन्नईस जाण्याचा योग आला आणि एग्मोरच्या सरकारी संग्रहालयातील शस्त्रदालनात उभा राहिलो, तेव्हा आजोबांचा तो प्रश्न पुन्हा कानांत घुमला. जुन्या लष्करी बंदुका व रायफली गंजातून कशा सोडवतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोठे थांबतात, हे वाचकांपुढे ठेवावे असे त्या दिवशी मनात आले.

तंजावरचे शस्त्रागार

चेन्नईचे सरकारी संग्रहालय १८५१ साली स्थापन झाले. एडवर्ड बाल्फोर हे त्याचे पहिले प्रमुख. १८५४ मध्ये ते पँथियन रस्त्यावरील सध्याच्या जागी आले. येथील चोळकालीन कांस्यमूर्ती जगप्रसिद्ध आहेत, आणि बहुतेक प्रवासी त्याच पाहून परततात. मराठी वाचकाने मात्र शस्त्रांपाशी थोडे अधिक थांबावे, असे मी सुचवीन. कारण त्यांतील मोठा भाग तंजावरच्या राजवाड्यातून आलेला आहे, आणि तंजावरचा राजवाडा म्हणजे भोसल्यांचे घर.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरास मराठी राज्याची स्थापना केली. ते राज्य पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ चालले. दुसरे सरफोजी महाराज यांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपास आणले आणि १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या भिंतींवर मराठीत कोरवून ठेवला. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी १८५५ मध्ये पुत्रसंतानावाचून निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. ग्रंथालय वाचले, भिंतीवरचा लेख वाचला. शस्त्रागाराचे नशीब मात्र वेगळे निघाले.

पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या त्या तलवारी, कट्यारी, भाले व बंदुका पुढच्या दशकात सरकारी हुकुमाने मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकण्यात आल्या. त्यांतील काही निवडक नमुने तेवढे मद्रासच्या संग्रहालयासाठी काढून ठेवले गेले. मद्रास इलाख्यातील एक मुलकी अधिकारी एम. जे. वॉलहाउस यांनी १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात या शस्त्रागाराविषयी लेख लिहिला. आज आपणास त्याची जी माहिती आहे ती बरीचशी त्या लेखामुळे. तंजावरच्या कट्यारी आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही दिसतात.

वाचकहो, या घटनेतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन शतकांच्या गंजाने जे केले नाही ते घणाने एका फटक्यात केले. गंज लोखंडाचा शत्रू खरा, पण त्याहून मोठा शत्रू ‘हे आता निरुपयोगी आहे’ असे म्हणणारा माणूस होय. आणि आमच्या आजोळच्या अनुभवाने सांगावयाचे, तर तिसरा शत्रू म्हणजे ‘हे आता नव्यासारखे करतो’ असे म्हणणारा उत्साही हात.

समुद्राचा वारा आणि लोखंडाचे रडणे

लोखंड गंजते म्हणजे काय होते? लोखंड निसर्गात बहुधा शुद्ध रूपात सापडत नाही. प्राणवायूशी संयोग पावलेल्या दगडाच्या रूपाने ते खाणीतून निघते. भट्टीत कोळशाच्या साहाय्याने माणूस तो प्राणवायू काढून घेतो आणि धातू मोकळा करतो. गंज म्हणजे त्या धातूने आपल्या मूळ स्थितीकडे परत जाण्याचा केलेला प्रवास. त्याला दोनच गोष्टी लागतात, हवा आणि पाणी. मीठ मिळाले तर तो प्रवास धावत होतो.

हवेतील आर्द्रता शेकडा साठाच्या वर गेली की लोखंडाच्या पृष्ठावर पाण्याचा इतका पातळ पापुद्रा जमतो की तो डोळ्यांस दिसत नाही, पण गंज धरण्यास तो पुरेसा होतो. चेन्नईत वर्षाच्या बहुतेक महिन्यांत हवा याहून दमट असते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो, आणि बंगालचा उपसागर संग्रहालयापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. सेंट जॉर्जचा किल्ला तर किनाऱ्यालगतच. तेथेही १९४८ पासून एक संग्रहालय असून कंपनीच्या काळातील शस्त्रे त्यात मांडलेली आहेत. समुद्रावरून येणारा वारा सूक्ष्म मीठ घेऊन येतो, ते गंजाच्या भेगांतून आत उतरते आणि धातूच्या अंगाशी जाऊन बसते. पावसाळी हवेत मग अशा लोखंडावर पिवळसर तांबूस थेंब फुटू लागतात. जतनशास्त्रात याला ‘लोखंडाचे रडणे’ म्हणतात. हे थेंब आम्लयुक्त असतात आणि खालचा धातू खात जातात. वरून तेल चोपडून किंवा काळा रंग फासून हे रडणे थांबत नाही, केवळ दिसेनासे होते.

शिवाय गंजाला जागा अधिक लागते. ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत तो फुगतो. त्यामुळे बंदुकीचा खटका जाम होतो, मळसूत्रे अडकतात आणि लाकडी दस्ता आतून दाबला जाऊन चिरतो. दस्त्याखाली झाकलेला नळीचा भाग तर सर्वांत अधिक खराब झालेला आढळतो, कारण लाकूड ओल धरून ठेवते आणि लाकडातील आम्ले लोखंडास बाधतात.

लष्करी बंदुकीच्या बाबतीत आणखी एक भर पडते ती खुद्द दारूची. जुन्या काळ्या दारूची राख हवेतील ओलावा शोषून घेते. पुढे ली-एन्फील्डसारख्या रायफलींत जी काडतुसे वापरीत, त्यांच्या टोपीतील द्रव्यापासून बार उडाल्यावर मिठासारखाच एक क्षार नळीत उरत असे. म्हणून सैनिकास गोळीबारानंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. दस्त्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या कप्प्यात पितळेची तेलाची कुपी आणि नळीतून चिंधी ओढण्याची दोरी ठेवलेली असे. शेवटच्या धन्याने ही शिस्त पाळली होती की नाही, हे पन्नास-पाऊणशे वर्षांनंतरही नळीच्या आत डोकावले की समजते.

मूर्तींपासून शस्त्रांपर्यंत

मद्रासच्या संग्रहालयात रासायनिक जतनाची प्रयोगशाळा १९३० साली सुरू झाली. डॉ. एस. परमशिवन हे तिचे पहिले रसायनतज्ज्ञ. निमित्त होते कांस्यमूर्तींना लागलेल्या रोगाचे. जमिनीखालून निघालेल्या मूर्तींवर फिकट हिरवी भुकटी धरू लागली होती. तीही मिठाचीच करणी. परमशिवन यांनी विजेच्या प्रवाहाने मूर्ती बऱ्या करण्याची पद्धत येथे वापरली. या पद्धतीचा पाया युरोपात घातला गेला होता. १८८८ साली बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांनी फ्रीडरिश रातगेन या रसायनतज्ज्ञाच्या हाती स्वतंत्र प्रयोगशाळा दिली, आणि पुरातन धातूंच्या उपचाराचे शास्त्र तेथे आकारास आले.

जे कांस्यास लागू तेच काही फेरफारांनी लोखंडास लागू पडते. याच संग्रहालयात अलेक्झांडर री यांनी १८९९ ते १९०५ या काळात आदिचनल्लूर येथे उत्खनन करून मिळवलेली अतिप्राचीन लोखंडी हत्यारे आहेत. त्यांच्या मानाने तंजावरची बंदूक कालची आणि ली-एन्फील्ड तर आजचीच म्हणावी लागेल. पण गंजाच्या दृष्टीने ही सारी एकाच कुळातली.

उपचाराचा क्रम

समजा, नळी तांबूस ढेकळासारखी झालेली एक लष्करी रायफल उपचारासाठी आली. प्रयोगशाळेत तिचे काय होते?

पहिले काम सुरक्षिततेचे. ठासणीच्या जुन्या बंदुकीत बार भरलेलाच राहून गेला असल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात. म्हणून जाणकार मनुष्य प्रथम गज नळीत सोडून आतील खोली मोजतो व ती बाहेरील लांबीशी ताडून पाहतो. नळी रिकामी असल्याची खात्री पटल्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही.

दुसरे काम पाहण्याचे आणि लिहून ठेवण्याचे. छायाचित्रे घेतात, मापे घेतात, चुंबक फिरवून कोठे धातू उरला आहे व कोठे नुसता गंज आहे याचा अंदाज बांधतात. शक्य असेल तेथे क्ष-किरणांनी आतील चित्र घेतात. हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत मोलाचा. कारण गंजाविषयी एक अद्‌भुत गोष्ट अशी आहे की, फार खराब झालेल्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा गंजाच्या खालच्या धातूवर नसतो, तो गंजाच्या थरांमध्येच असतो. वरचा भुसभुशीत तांबडा थर बाहेर फुगलेला असतो. त्याखाली एक काळसर, घट्ट थर असतो, आणि कारागिराने कोरलेली रेघ, ठोकलेला शिक्का, घातलेला अंक हे त्या काळ्या थरात टिकून राहिलेले असतात. चकचकीत धातू लागेपर्यंत घासणारा हात तो थर ओलांडून पलीकडे जातो. आम्ही आजोळी नेमके हेच केले होते.

आणि त्या थरात काय काय लिहिलेले असते! ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकीच्या पट्टीवर प्रथम हृदयाच्या आकृतीत कंपनीची आद्याक्षरे असत, तर १८०८ च्या सुमारापासून पुढे मुकुट धरलेला सिंह आला. केवळ या चिन्हावरून बंदुकीचा काळ ठरवता येतो. १८५३ सालच्या नमुन्याची एन्फील्ड, जिच्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ मध्ये वणवा भडकला, तिच्या नळीत तीन पिळदार आटे असतात. नळीतील अशा पिळामुळेच बंदुकीला रायफल म्हणतात. बंगालमधील इशापूरचा रायफल कारखाना १९०४ मध्ये निघाला. तेथील ली-एन्फील्डवर दस्त्याच्या मानेजवळील लोखंडी कड्यावर कारखान्याचे नाव व साल ठोकलेले असे. स्वातंत्र्यापूर्वी त्यासोबत राजमुकुट असे, तर पुढे अशोकस्तंभावरील सिंह आले. एका राज्याचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय बोटभर लोखंडावर वाचता येतो. तो पॉलिशकागदाच्या दोन फराट्यांत नाहीसाही होतो.

यानंतर लाकूड व लोखंड वेगळे करतात, कारण दोघांची औषधे परस्परांस घातक. अडकलेल्या मळसूत्रांवर पातळ तेल टाकून दिवसचे दिवस वाट पाहतात. घाई करून फिरवले तर मळसूत्राचे डोके तुटते. मग भिंगाखाली, शस्त्रवैद्याच्या सुरीने, बांबूच्या काडीने, काचतंतूंच्या कुंचल्याने वरचा तांबडा थर कणाकणाने उतरवतात. एका शिक्क्याएवढ्या जागेस सबंध दिवस लागावा, अशी ही कामाची चाल.

धातूचा गाभा पुरेसा शाबूत असेल तरच विजेचा उपचार. दाहक सोड्याच्या सौम्य द्रावणात, म्हणजे शंभर भागांस दोन ते पाच भाग, नळी बुडवून तिला विजेचे ऋण टोक जोडतात व भोवती धन टोकाचे पत्रे लावतात. अगदी मंद प्रवाह सोडला की नळीच्या अंगावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येऊ लागतात. गंज सैल होतो आणि भेगांत दडलेले मीठ हळूहळू द्रावणात उतरते. द्रावण पुनःपुन्हा बदलतात. मीठ संपले की नाही हे पाहण्यासाठी त्याचा नमुना घेऊन तो आम्लाने साधून घेतात व चांदीच्या नायट्रेटचा थेंब टाकतात. पांढरी दह्यासारखी चकती धरली, तर मीठ अद्याप निघत आहे. कित्येक आठवडे, कधी महिने हे चालते. गाभाच उरला नसेल तर मात्र वीज वर्ज्य, कारण गंज गेला की वस्तूचा आकारच विरून जाईल.

मग ऊर्ध्वपातित पाण्याने अनेक धुण्या, पूर्ण कोरडे करणे आणि टॅनिक आम्लाचा हात. हे टॅनिन आपल्या घरात परके नाही. हिरड्यात ते विपुल असते, आणि हिरडा व लोखंड यांच्या संयोगाने होणारी काळी शाई आपले पूर्वज वापरीत आले. मद्रासकडील जुना चर्मोद्योग ज्या तरवडीच्या सालीवर उभा राहिला तिच्यातही हेच द्रव्य. शिल्लक गंजाशी त्याचा संयोग झाला की निळसर काळा, स्थिर असा थर तयार होतो. ज्या संयोगाने अक्षरे लिहिली जात त्याच संयोगाने येथे अक्षरे राखली जातात. शेवटी मेणाचा पातळ लेप देऊन वस्तू कोरड्या पेटीत ठेवतात. ओलावा शोषणारे सिलिका जेल सोबत असतेच.

कोठे थांबावे

येथवर वाचलेल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल. एवढे केल्यावर ती रायफल नव्यासारखी दिसते काय? नाही. ती गर्द, मंद काळसर दिसते, ठिकठिकाणी खड्डे असतात आणि ज्याला अपेक्षा चकाकीची आहे त्याची निराशा होते. ती पुन्हा उडवता येते काय? येऊ नये हेच इष्ट. गंजाने खाल्लेली नळी बाराच्या दाबाने फुटू शकते आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

या विषयावरील मजकूर मराठीत आणताना मला एका शब्दाने फार छळले. इंग्रजीत ‘रिस्टोरेशन’ म्हणतात, त्यास मी प्रथम ‘जीर्णोद्धार’ लिहिले. पण जीर्णोद्धारात पडलेला दगड काढून नवा बसवतात आणि देऊळ पूर्ववत नांदते करतात. त्याच न्यायाने बंदुकीचा गंजका भाग काढून नवा घातला, दस्ता नवा केला, नळीस चकाकी आणली, तर जे उरेल ते आपल्या हातचे काम असेल, पूर्वजांचे नव्हे. शेवटी मी तो शब्द खोडून ‘जतन’ हा साधा शब्द लिहिला. त्यात वस्तूला तरुण करण्याची प्रतिज्ञा नाही. तिचे वय मान्य करून ती आणखी पुढे जावी, एवढीच इच्छा आहे.

प्रत्येक तपकिरी रंग हा रोगही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजी सैन्यात चकचकीत नळ्या घासूनघासून झिजू लागल्या, तेव्हा नळीवर मुद्दाम नियंत्रित गंज चढवून तिला तपकिरी करण्याची प्रथा पडली. त्याने नळी उन्हात चकाकत नसे व पुढचा गंजही आवरत असे. अशी तपकिरी झिलई ‘साफ’ करणारा मनुष्य कारागिराचे कामच पुसून टाकतो. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे, तोही त्यावर गंज नाही म्हणून नव्हे. त्या लोखंडातील फॉस्फरसामुळे वर एक पातळ संरक्षक थर धरला आहे म्हणून. गंजही कधी कवच होतो. कोणता थर कवच आणि कोणता काळ, हे ओळखणे हीच या विद्येची किल्ली.

आपल्या घरी

ही प्रयोगशाळेची कथा झाली. आपल्या माळ्यावर असे काही सापडले तर काय करावे?

बंदूक सापडल्यास तिला हात लावण्याची, घोडा ओढून पाहण्याची किंवा नळीत काही घालण्याची घाई करू नये. ती भरलेली असू शकते. जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कालबाह्य व दुरुस्तीनेही वापरता न येण्याजोग्या पुराणवस्तूंना सवलत आहे, परंतु आपली वस्तू त्यात बसते की नाही हे आपण घरी बसून ठरवावयाचे नसते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही ध्यानात असावे.

तलवार, कट्यार, विळा, अडकित्ता असे काही असेल तर प्रथम चांगल्या उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. उजेड तिरपा पाडला तर अक्षरे दिसून येतात. वस्तू कोणाकडून आली, घरात काय सांगतात, हे कागदावर लिहून तो कागद तिच्यासोबत ठेवावा. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. विटकर, राख, वाळू, पॉलिशकागद, तारेचा घासा यांपैकी काहीही वापरू नये. तांब्यापितळेच्या सवयीने चिंच किंवा लिंबू लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. आम्ल छिद्रांत राहते आणि आठवड्याभरात गंज दुप्पट जोमाने परततो. खोबरेल किंवा इतर खाद्यतेल काही दिवसांनी खवट व चिकट होते. त्यापेक्षा शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात सुती फडक्याने द्यावा. उघड्या बोटांनी पाते धरू नये, कारण घामातही मीठ असते. चामड्याच्या म्यानात वस्तू कायमची कोंडून ठेवू नये. विजेचे प्रयोग तर घरी मुळीच करू नयेत. त्यातून निघणारा वायू स्फोटक असतो.

पिवळे थेंब फुटत असतील, तर काम आपल्या आवाक्याबाहेर गेले असे समजावे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लखनौची १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा, किंवा आपल्या राज्याचे पुरातत्त्व व संग्रहालय खाते यांच्याकडे विचारणा करावी. एक पत्र लिहिण्यास दहा मिनिटे लागतात. गेलेली अक्षरे मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

आजोळची ती बंदूक अद्याप आहे. चकाकी तर दोन पावसाळ्यांत गेली आणि तिच्यावर पुन्हा तपकिरी थर चढला. दर खंडेनवमीस ती खाली येते. आता कोणी तिला घासत नाही. मामा कोरड्या फडक्याने तिला पुसतात, तेलाचे एक बोट नळीवरून फिरवतात आणि पाटावर ठेवतात. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने कान्याजवळच्या गुळगुळीत जागेवर बोट ठेवून विचारले, “इथे काय होते?” मी त्याला खरे ते सांगितले. मग आम्ही दोघांनी मिळून तिची लांबी मोजली, छायाचित्रे काढली, आजोबांनी सांगितलेले जेवढे आठवले तेवढे एका वहीत उतरवले, आणि ती वही बंदुकीशेजारी पाटावर ठेवून दोहोंवर फुले वाहिली.